तेच की तसंच? दूध संकलनाच्या पडद्याच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ जून २०२४

सकाळीच केंद्रावरून सचिवांचा फोन. "साहेब, दर बघायला बोट खाली नेतोय तोवर तक्ता उडी मारून वर जातो." दर अर्ध्या मिनिटाला. ऑफिसातल्या टॅब्लेटवर करून पाहिलं, खरंच जातो.

मांडणी एकदा लिहून ठेवतो, नंतर कोणी वही उघडली तर उपयोगी पडेल. वजनकाटा सिरीयल केबलने टॅब्लेटला जोडलेला. काट्याचे आकडे वाचणारा भाग अँड्रॉइडच्या बाजूला, जावात, आरएक्सजावावर. पडदा मात्र वेबचा, टाइपस्क्रिप्टमध्ये, आरएक्सजेएसवर. या दोन्ही लायब्ररी स्ट्रीमच्या, म्हणजे एकामागून एक येत राहणाऱ्या किमतींच्या. काटा, फॅट मशीन, दरपत्रक, नोंदी, सगळं स्ट्रीममधून येतं.

दरपत्रक म्हणजे गायीच्या दुधाचा तक्ता: ३.० ते ५.० फॅट, ७.५ ते ९.० एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दशांशादशांशाने. २१ ओळी, १६ रकाने, ३३६ घरं. दर ३० सेकंदांनी सर्व्हरला विचारतो, जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) येतं, पार्स होतं, म्हणजे त्याचा ऑब्जेक्ट बनतो, आणि पडद्यावर जातं. दर दहा-पंधरा दिवसांत एखाद्या वेळी बदलतो, म्हणून मधे डिस्टिंक्ट-अनटिल-चेंज्ड मीच घातला होता. नाव लांबलचक आहे, या वहीत त्याला गाळणं म्हणेन. आधीच्यासारखीच वस्तू आली तर पुढे सोडायची नाही, एवढंच त्याचं काम.

मग गाळत का नाही? कारण आरएक्सजेएसचं गाळणं काही सांगितलं नाही तर === (जावास्क्रिप्टचं बरोबरीचं चिन्ह) लावून पाहतं, आणि ऑब्जेक्टच्या बाबतीत === विचारतं ते "तेच आहे का", "तसंच आहे का" नाही. पार्स केलं की दर वेळी नवा ऑब्जेक्ट. ३३६ च्या ३३६ घरं जशीच्या तशी असली तरी ऑब्जेक्ट तो नव्हेच. गाळण्याला भोक आहे ते हे.

आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालून घेतात. शेजारी दिलेलं पातेलं परत आलं तर ते तेच आहे की तसंच दुसरं, हे नावावरूनच कळतं. भाषेत दोन शब्द आहेत म्हणून आपण गोंधळत नाही. कोडमध्ये दोन्हींना "इक्वल" म्हणतो आणि मग अशी तक्रार येते.

मंगळवार, ४ जून

आज मतमोजणी. अर्धं ऑफिस टीव्हीसमोर, त्यामुळे काम तासाभराचंच.

सोपा उपाय केला: दोन्ही दरपत्रकांची जेसन स्ट्रिंग, म्हणजे सलग मजकूर, करून ती स्ट्रिंग ताडून पाहायची. दुपारी तक्ता शांत बसला. चारनंतर पुन्हा अधूनमधून उडी. सर्व्हरच्या दोन प्रोसेस चालू आहेत, एक फील्ड एका क्रमाने लिहिते, दुसरी वेगळ्या. तेच दर, पण किल्ल्यांचा (फील्डच्या नावांचा) क्रम उलटा, म्हणून स्ट्रिंग वेगळी.

क्रम लावून घेता येईल, पण स्ट्रिंगचा हा मार्गच मला नको आहे. नोंदींच्या स्ट्रीमवर कोणी उद्या हाच वापरला तर? फॅट मशीन बंद असताना येणारा नॅन ("हा आकडाच नाही" अशी किंमत) आणि सॅम्पल अजून घेतलंच नाही म्हणून आपण ठेवलेला नल (रिकामी किंमत), स्ट्रिंग केली की दोन्ही नलच. अनडिफाइंड, म्हणजे किंमतच न दिलेलं, फील्ड तर गायबच होतं. मॅप (किल्ली आणि किमतीच्या जोड्यांचा साठा) असेल तर रिकामा कंस उरतो. म्हणजे काही वेळा तसंच असून वेगळं म्हणेल, काही वेळा वेगळं असून तसंच म्हणेल. दुसरी चूक जास्त वाईट. तक्ता उगाच रंगवला तर बॅटरी जाते. बदल गाळला गेला तर कोणाला कळतही नाही.

गुरुवार, ६ जून

स्ट्रिंग काढली. दरपत्रकाला सर्व्हरवर आवृत्ती क्रमांक आहेच, तो ताडून पाहायचा. ३३६ घरं चाळायची गरजच काय.

तरीही दोन तास गेले, दोन मूर्खपणांत.

पहिला: कंपॅरेटरने, म्हणजे गाळण्याला दिलेल्या ताडून पाहणाऱ्या फंक्शनने, खरं कधी म्हणायचं? मी "बदललं आहे का" अशा विचाराने लिहिला. गाळणं विचारतं "सारखं आहे का". उलटं झालं. नवा दर गाळला जायचा आणि जुना पुन्हा पुन्हा पुढे जायचा. रिअॅक्ट या पडदे बांधायच्या लायब्ररीत शुड-कंपोनंट-अपडेट लिहिताना "बदललं तर खरं" आणि रिअॅक्ट-मेमोला दिलेल्या फंक्शनमध्ये "सारखं असेल तर खरं", हे उलटसुलट डोक्यात घट्ट बसलं आहे. आता फंक्शनचं नाव "एकचदरपत्रक" ठेवलं आहे. नावातच प्रश्न दिसला की उलटं लिहायला हात धजावत नाही.

दुसरा: पडदा उघडतो तेव्हा दरपत्रक नल असतं, सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत. पहिल्या किमतीला कंपॅरेटर बोलावलाच जात नाही, त्यामुळे नल निमूट पुढे गेलं. दुसऱ्या वेळी कंपॅरेटरच्या हातात आधीची किंमत म्हणून तेच नल, आणि मी त्याची आवृत्ती विचारली. एरर. आरएक्सजेएस ती एरर पकडतं आणि स्ट्रीमच्या एरर वाटेने पुढे पाठवतं, आणि तिथे स्ट्रीम संपते. पडदा दिसायला अगदी ठीक, फक्त दर पुन्हा कधीच येणार नाहीत. लुकलुकणारा पडदा परवडला.

नल आधीच वेगळं काढलं. कंपॅरेटर कधीही एरर देणार नाही, हा नियम.

शुक्रवार, ७ जून

"फॅट मशीन जोडलेलं नाही" ही लाल पट्टी थरथरते. मशीन बंद असलं की वायरवरून कचरा येतो, त्याचा आकडा केला की नॅन. आणि नॅन === नॅन खोटं. गाळण्याला प्रत्येक नॅन नवाच दिसतो. ऑब्जेक्ट डॉट इज लावलं, त्याच्या हिशेबी नॅन नॅनच्या बरोबरीचा. थरथर थांबली. म्हणून मी खुशीत सगळीकडेच ऑब्जेक्ट डॉट इज लावून टाकलं.

संध्याकाळी सचिवांचा फोटो आला. काट्याच्या चौकटीत "-०". खाली मजकूर: "वजा शून्य म्हणजे संस्थेने दूध द्यायचं का?"

काटा टेअर केल्यावर, म्हणजे भांड्याचं वजन वगळून शून्यावर आणल्यावर, कधीकधी उणे चिन्हासकट शून्य पाठवतो. जावास्क्रिप्टमध्ये उणे शून्य ही खरोखरची वेगळी किंमत आहे. === दोन्ही शून्यं सारखी मानतं, ऑब्जेक्ट डॉट इज मानत नाही. आधी उणे शून्य गाळलं जायचं, आता पडद्यापर्यंत पोचलं, आणि मराठी अंक दाखवणारा इंटल नंबर फॉरमॅट उणे चिन्ह इमानाने छापतो. उपाय एका ओळीचा: वाचतानाच आकड्यात शून्य मिळवायचं. उणे शून्य अधिक शून्य बरोबर साधं शून्य.

आकडा स्ट्रीममध्ये शिरण्याआधीच धुऊन घ्यायचा. गाळण्याला धुणं करायला लावलं की हे असं होतं.

सोमवार, १० जून

आजच्या नोंदींची यादी. नोंद झाली की यादीत वाढायला हवी, वाढत नव्हती. यादी बिहेविअर-सब्जेक्टमध्ये आहे, म्हणजे शेवटची किंमत धरून ठेवणाऱ्या आणि ती पुढे पाठवणाऱ्या डब्यात. कोड पाहिला: आतला अॅरे बाहेर काढायचा, त्यात नवी नोंद ढकलायची, आणि तोच अॅरे पुन्हा नेक्स्टला, म्हणजे पुढे पाठवायला, द्यायचा. पुढे गाळणं. गाळण्याने पाहिलं, अॅरे तोच. थांबवला.

परवाच्या नेमकं उलटं. दरपत्रकात तसंच होतं पण ते नव्हतं. इथे तेच आहे पण तसं राहिलेलं नाही.

सहकारी म्हणाली, मग इथे आतपर्यंत ताडून पाहणारा कंपॅरेटर लाव, एकेक नोंद तपासेल. लावून दाखवला. तरीही गाळलं. तिला पटेना. मग मी कागदावर दोन चौकोन काढले, "आधीचं" आणि "आताचं", आणि दोन्हींतून बाण एकाच डब्याकडे नेले. गाळण्याने जपून ठेवलेलं "आधीचं" म्हणजे प्रत नव्हे, त्याच अॅरेकडे बोट. आपण आत नोंद ढकलली तेव्हा "आधीचं"ही बदललं. आता कितीही खोल जा, वस्तू स्वतःशीच ताडली जातेय. शिधापत्रिका खोडून त्यावरच नवी नावं लिहिली आणि मग जुनी कुठे गेली म्हणून विचारलं तर?

आरएक्सजावाच्या कागदपत्रांतही हा इशारा आहे, यादी आणि कॅरसीक्वेन्सचं उदाहरण देऊन. अँड्रॉइडवर टाइप केलेला मजकूर असाच येतो, एकच वस्तू, आत अक्षरं बदलत राहतात. मी तो परिच्छेद याआधी वाचला नव्हता असं नाही. वाचून पुढे गेलो होतो.

केलेलं: नोंद वाढवायची तर नवा अॅरे, जुन्याला हात नाही. आणि डेव्हलपमेंट बिल्डमध्ये सब्जेक्टमध्ये जाणारी प्रत्येक वस्तू ऑब्जेक्ट फ्रीझ करून ठेवायची. स्ट्रिक्ट मोडमध्ये गोठलेल्या अॅरेत कोणी ढकललं की तिथल्या तिथे टाइप एरर. लावताच आणखी तीन जागा ओरडल्या. फ्रीझ फक्त वरचा थर गोठवतं, आतल्या नोंदी मोकळ्याच राहतात, म्हणून नोंदीही गोठवल्या.

बुधवार, १२ जून

पाऊस. वीज दोनदा गेली, लॅपटॉपवर वाचन केलं. बाकीच्यांनी हा प्रश्न कसा सोडवलाय ते पाहत होतो, आणि लक्षात आलं की एकमत नाहीच.

नॉकआउटने (ही आणि पुढची नावं पडदा किंवा त्यामागची स्थिती सांभाळणाऱ्या साधनांची) फार पूर्वी ठरवून टाकलं: साध्या किमती ताडून पाहू, ऑब्जेक्ट असेल तर न ताडता "बदललं" म्हणून सांगू. स्वेल्ट ४ तसंच करतं. म्हणजे आतून खोडलं असेल तरी बदल चुकत नाही. उगाच रंगकाम होतं ते सोसायचं. व्ह्यू ३, रिअॅक्टची स्टेट यांच्याकडे ऑब्जेक्ट डॉट इज. सॉलिडच्या सिग्नलला (बदलली की कळवणारी किंमत) ===, आणि नको असेल तर बरोबरी बंदच करून टाकायची सोय. मोबएक्स तुम्हाला निवडू देतं: ओळख, वरवरचं, रचनेचं. कॉटलिनचा स्टेटफ्लो इक्वल्स वापरतो, म्हणजे डेटा क्लास असेल तर "तसंच" बघतो.

सगळ्यात बोलकं अँग्युलरचं. १६ व्या आवृत्तीत सिग्नल आले तेव्हा ऑब्जेक्ट कधीच सारखे मानायचे नाहीत असा मूळ नियम होता आणि आतून बदलण्यासाठी म्युटेट नावाची सोयही. १७ व्या आवृत्तीत म्युटेट काढलं आणि नियम ऑब्जेक्ट डॉट इजवर आणला. दोन्ही गोष्टी एकत्रच गेल्या, जायलाच हव्या होत्या. आतून बदलायला परवानगी असेल तर "तेच आहे म्हणजे बदललं नाही" असं म्हणता येत नाही.

लायब्ररी आपल्या वतीने काहीतरी धरून चालते. काय धरलंय ते ठाऊक हवं.

शनिवार, १५ जून

आजची नोंद लांब होणार. केंद्रावर गेलो होतो, सोमवारपासून संध्याकाळची पाळी आपल्या यंत्रणेवर घ्यायची म्हणून शेवटची चाचणी. जुनं यंत्र शेजारी चालूच.

पहिले आठ-दहा सभासद सुरळीत. मग एक आजीबाई आल्या, किटली आणि भांड्यावर बांधलेलं फडकं. दूध फडक्यातून सावकाश उतरत होतं. जुन्या यंत्रावर आकडा चढत होता, आपल्या पडद्यावर ४.२ वर गोठलेला. दूध ओतून झालं. जुनं यंत्र ६.१, आपलं ४.२. आजीबाईंनी दोन्हीकडे पाहिलं आणि जुन्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यावरच घ्या."

घाईने ओतणाऱ्यांचं बरोबर, सावकाश ओतणाऱ्यांचं चूक. दुपारभर डोकं लावलं. काट्याचे आकडे फाइलमध्ये साठवतोच, त्या आजीबाईंचे आकडे लॅपटॉपवर आरएक्सजेएसमध्ये सोडले, अगदी तोच कंपॅरेटर लावून. बरोबर चालतं! ६.१ पर्यंत चढतं. तोच नियम, तेच आकडे, दोन लायब्ररी, दोन उत्तरं.

केंद्रावर आरएक्सजावाच्या गाळण्यात बसवलेला नियम असा: काटा सेकंदाला दहा आकडे देतो आणि ते सारखे थरथरतात, म्हणून ५० ग्रॅमपेक्षा कमी फरक असेल तर "तेच वजन" समजायचं.

मग दोन्हींचा सोर्स उघडला. आरएक्सजेएस "आधीचं" म्हणून जपून ठेवतं ती शेवटची पुढे सोडलेली किंमत. आरएक्सजावा ताडून झाल्यावर, सारखं निघालं तरी, आताची किंमत "आधीचं" म्हणून ठेवतं. म्हणजे शेवटची आलेली. काटेकोर बरोबरी असेल तर काही फरक पडत नाही, सारख्या दोन किमतींतली कुठली ठेवली याला अर्थच नाही. पण आमची बरोबरी काटेकोर नव्हती.

सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात ५० ग्रॅमच्या आत, म्हणजे सेकंदाला अर्ध्या किलोच्या आत ओतलं की प्रत्येक आकडा आपल्या लगतच्या मागच्याशी "सारखा". ४.२०, ४.२३, ४.२६, ४.३०, असं रांगत रांगत ६.१ पर्यंत गेलं आणि एकही पायरी ५० ग्रॅमची नाही. जावाच्या बाजूला प्रत्येक पायरीला "आधीचं"ही एक पायरी वर सरकत गेलं. फडक्यातून गळणारं दूध या नियमात कधीच सापडणार नव्हतं.

लायब्ररीला दोष द्यायचा मोह झाला, पण चूक आमची. "५० ग्रॅमच्या आत" ही बरोबरीच नव्हे. अ आणि ब जवळ, ब आणि क जवळ, पण अ आणि क लांब असू शकतात. जावाच्या इक्वल्सचा करार साफ सांगतो की हे चालणार नाही. तेच आणि तसंच यांच्या पंगतीत आम्ही "जवळपास"ला बसवलं होतं, आणि आरएक्सजेएसवर ते केवळ योगायोगाने पचलं.

पहिला उपाय डोक्यात आला तो वजन ५० ग्रॅमच्या पायऱ्यांवर गोल करून मग ताडायचं. नाही. काटा नेमका पायरीच्या काठावर असला तर दोन-तीन ग्रॅमच्या थरथरीने आकडा दोन पायऱ्यांत उड्या मारत राहतो. करून पाहिलं, मारतो.

शेवटी स्कॅन: हातात शेवटचा दाखवलेला आकडा, नवा आला की फरक ५० ग्रॅमच्या आत असेल तर हातातलाच पुढे, नाहीतर नवा. आणि त्याच्यापुढे साधं गाळणं, कंपॅरेटरशिवाय. "जवळपास"चा निर्णय स्कॅनमध्ये उघड दिसतो, गाळणं फक्त खरीखुरी बरोबरी पाहतं. आजीबाईंची फाइल आता कायमची टेस्टमध्ये आहे. फाइलचं नाव "फडकं".

गुरुवार, २० जून

सोमवारपासून संध्याकाळची पाळी आपल्यावर. तीन दिवस छान गेले. आज सकाळी सचिवांचा फोन, आवाज वेगळा. काल संध्याकाळी एका सभासदाने दोन कॅन घातले, त्याच्याकडे पावत्या दोन, वहीत नोंद एक.

साडेबारा लिटर कमी लागलं. साडेतीनशेच्या आसपास रुपये. रक्कम लहान वाटेल, पण संस्थेत दुधाचा हिशेब चुकला ही गोष्ट गावात संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. तो सभासद काही ओरडला नाही म्हणे, नुसत्या दोन पावत्या टेबलावर ठेवल्या. ओरडला असता तर बरं झालं असतं.

कालची फाइल काढली. पहिला कॅन १२.८७ किलो, दुसरा १२.९१. वेगवेगळे. पण आपण किलोला १.०३ ने भागून लिटर करतो आणि एका दशांशावर आणतो. पहिला १२.५, दुसराही १२.५. सॅम्पल दोन्हींचं एकच, त्यामुळे फॅट ३.८, एसएनएफ ८.५, दोन्हीकडे. सभासद क्रमांक तोच, पाळी तीच. वेळ तेवढी वेगळी, तीन मिनिटांनी.

आणि वेळ मीच वगळली होती. ओल्या बोटाने "नोंद" बटण दोनदा दाबलं जातं, दोन नोंदी होतात, म्हणून एप्रिलमध्ये गाळणं घातलं: वेळ सोडून बाकी सगळं तसंच असेल तर दुसरी नोंद गाळा. पावतीचं प्रिंटर गाळण्याच्या आधी जोडलेलं, म्हणून पावत्या दोन निघाल्या. नाहीतर हे कधी कळलंच नसतं.

पंधरा दिवस मी तेच आणि तसंच यावर पानं भरतोय आणि ही ओळ माझ्या नजरेखालून शंभरदा गेली असेल. दरपत्रक ही स्थिती आहे, तसंच आलं तर पुन्हा सांगायची गरज नाही. दुधाची नोंद ही घडलेली गोष्ट. तशीच गोष्ट दोनदा घडू शकते, आणि दोन्हींचे पैसे द्यावे लागतात. तिला "तसंच" हा प्रश्न विचारायलाच नको होता.

गाळणं तासाभरात काढलं. दुहेरी दाबण्याच्या नोंदी तूर्त सचिव हाताने खोडतील. गेल्या तीन पाळ्यांच्या फाइली काट्याच्या आकड्यांशी ताडल्या, अशी दुसरी नोंद सापडली नाही. सभासदाची नोंद घालून घेतली, फोनवर माफीही मागितली. तो म्हणाला, "हुतं कधी कधी."

शुक्रवार, २१ जून

वटपौर्णिमा, सहकारी दुपारनंतर आली. तोवर मी एकटाच फळ्यासमोर.

प्रश्न: दोनदा दाबलेली एक नोंद आणि खरोखरच्या दोन नोंदी यांत फरक कसा ओळखायचा? आकड्यांवरून ओळखता येणार नाही, हे ठरलं. वेळेवरून? "दोन सेकंदांच्या आत असेल तर एकच" असं करता येईल, पण हेही पुन्हा "जवळपास"चंच रूप.

तिने येऊन उत्तर दिलं, तेही काट्याकडे पाहून. दुसरा कॅन घालायचा तर पहिला रिकामा व्हावाच लागतो, काटा शून्यावर येतोच. बटण दोनदा दाबलं तर काटा मधे शून्यावर येत नाही. म्हणजे काट्याला आधीपासूनच ठाऊक आहे; आपण ती खूण फेकून देत होतो. काटा शून्यावर येऊन पुन्हा चढला की नवा माप क्रमांक, जावाच्या बाजूलाच. तो नोंदीसोबत पडद्यापर्यंत येतो. गाळणं फक्त माप क्रमांक पाहतं. लिटर, फॅट, एसएनएफ याकडे ढुंकूनही नाही.

भांड्यावर नाव घातलं.

"शून्यावर" म्हणजे नेमकं किती, तर २०० ग्रॅमच्या खाली किमान एक सेकंद. भांड्यात थेंबभर दूध राहतं म्हणून. इथे जवळपास आहे, पण उघड लिहिलेलं आहे आणि बरोबरीच्या वेषात नाही.

सोमवार, २४ जून

नेटवर्क गेलं की टॅब्लेट नोंदी साठवतो आणि रेंज आली की पुन्हा पाठवतो. उत्तर वाटेत हरवलं तर तीच नोंद दोनदा जाते, पण मधे दुसऱ्यांच्या नोंदी आलेल्या असतात. गाळणं फक्त लगतच्या दोघांना ताडतं, त्यामुळे अ, ब, अ असं आलं तर दुसरा अ सुटतो. पूर्ण डिस्टिंक्ट लावला तर तो पाहिलेल्या सगळ्या किल्ल्या मनात धरून बसतो आणि टॅब्लेट दिवसच्या दिवस बंद होत नाही. आरएक्सजेएसच्या डिस्टिंक्टला यादी रिकामी करण्याची खूण देता येते, पाळी संपली की देता आली असती. पण पैशाची गोष्ट पडद्याच्या भरवशावर नको. डेटाबेसमध्ये टॅब्लेट आणि माप क्रमांक मिळून युनिक किल्ली, दुसरी आली तर सर्व्हर "मिळाली आहे" एवढंच म्हणेल. पडद्यावरचं गाळणं ओल्या बोटासाठी राहू दिलं.

शुक्रवार, २८ जून

सकाळची पाळीही घ्यायचं ठरलं. त्याआधी सचिवांनी एक प्रश्न टाकला, तोही चहा पिता पिता: "फॅटला शंका आली की आम्ही सॅम्पल परत लावतो. मग आकडा बदलतो. ते तुमच्यात कसं?"

तसं काहीच नव्हतं. फॅट ३.१ ची नोंद झाली, सॅम्पल पुन्हा लावलं, ३.६ आलं, तर माप तेच, माप क्रमांक तोच. पडद्यावरचं गाळणं दुसरी नोंद दुहेरी दाबलेली समजून गाळणार, सर्व्हर "मिळाली आहे" म्हणणार. सभासदाला ३.१ चा दर. आठवड्यापूर्वी आकडे पाहून क्रमांक नाही पाहिला, आता क्रमांक पाहून आकडे नाही पाहिले.

केंद्रावरच बसून केलं. नोंदीला दुरुस्ती क्रमांक, सुरुवात शून्यापासून, सॅम्पल परत लावून "नोंद" दाबलं की एकने वाढतो. किल्ली म्हणजे टॅब्लेट, माप क्रमांक, दुरुस्ती क्रमांक. हिशेबात त्या मापाची सगळ्यात मोठ्या दुरुस्तीची नोंद धरायची, जुन्या पुसायच्या नाहीत. प्रिंटरही आता गाळण्याच्या पुढे आणला, म्हणजे पावती आणि वही एकाच तोंडाने बोलतील. दुरुस्तीच्या पावतीवर "दु." छापायला सचिवांनी सांगितलं, जुन्या पावतीवर ते स्वतः काट मारतील.

"फडकं" फाइलच्या शेजारी आणखी दोन टेस्ट फाइली टाकल्या: "दोन कॅन" आणि "परत सॅम्पल". सोमवारी पहाटे साडेपाचला केंद्रावर. जुनं यंत्र अजून आठवडाभर शेजारी चालू ठेवायचं आहे, सचिवांची अट आहे.